घागर मांडवात पोचेपर्यंत

मी घर सोडलं त्या सकाळी पप्पांच्या ओठांत अकरा टाके होते. बोलता येत नव्हतं, म्हणून त्यांनी मला निरोप लिहून दिला. टेबलाचा खण उघडला, हाताला लागला तो कागद काढला, उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर बॉलपेननं लिहिलं: "जा. पोचलीस की फोन कर." घडी घालून तो माझ्या हातात कोंबला. पुढच्या बाजूला काय छापलंय ते मला बघायची गरज नव्हती. ते सांगेनच. मम्मी अंगणात रिक्षावाल्यावर ओरडत होती, कारण तिला दुसऱ्या कुणावर ओरडता येत नव्हतं. मसाल्याची बाटली माझ्या बॅगेत तीन टॉवेलांत गुंडाळून ठेवली होती. रिक्षा सुरू झाली तेव्हा मम्मी वाकून आत बघत म्हणाली, "लवकर यायची घाई करू नको गो. इथं अजून माणसं नाहीत."

आळीतल्या प्रत्येक खिडकीत माणसं होती. सगळी पडद्यामागे.

हे मी त्या पडद्यामागच्यांसाठी लिहितेय, आणि माझ्यासारख्या निघून गेलेल्यांसाठीही, जे परदेशातून गावाच्या ग्रुपवर "मिस यू वसई" टाकतात आणि खाली केळीच्या बागेचा फोटो लावतात. बाग आता नाही, फोटो जुना आहे. पुढच्या महिन्यात वसईच्या कोर्टात पप्पांच्या केसची तारीख आहे आणि मला साक्षीला बोलावलंय. जायचं की नाही, एवढा एकच प्रश्न गेले सहा आठवडे माझ्या उरावर बसला होता. उत्तर मला एका अल्बमनं दिलं. सॅक्सोफोनचा अल्बम. तोही स्मूथ जॅझ आणि फंक. हसा. मीही हसले होते.

आधी विहीर. आमचं गाव आगाशीच्या बाजूला, वाडीपट्ट्यात. लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी बायका विहिरीवर पाणी आणायला जातात, त्या पाण्यानं नवरीला न्हाऊ घालतात. पुढे बँड असतो. हे सगळ्यांना माहीत आहे. नव्या बिल्डिंगमधल्यांना माहीत नसेल ते एवढंच, की घागर पाण्यात बुडाली की बँड सुरू होतो आणि ती मांडवात टेकेपर्यंत थांबत नाही. ऊन असो, कुत्री मागे लागोत, पुढच्याचा पाय खड्ड्यात जावो, वाजवणं तुटता कामा नये. तुटलं तर काय होतं? काही होत नाही. पण कधी तुटलेलं नव्हतं. पप्पा टेनर सॅक्सोफोन वाजवायचे, सर्वांत पुढे. विहिरीपासून मांडवापर्यंत भरून श्वास कुठं चोरायचा ते त्यांना पाठ होतं: पहिला पिंपळाशी, दुसरा क्रुसाशी, तिसरा वळणावर.

ती विहीर ज्या बागायती वाडीत होती ती बिल्डरला विकली गेली. डंपर यायला लागले. दिवसभर लाल माती ओतायचे, रात्री सपाट करायचे. आधी चिंचा पाडल्या, मग ओहोळ बुजवला, मग विहिरीच्या कठड्याला माती लागली. मी तेव्हा भरावाविरुद्धच्या गावाच्या समितीत होते आणि पत्रकं लिहायचे. चांगली लिहायचे. लोक चहाच्या टपरीवर मोठ्यानं वाचायचे. मला त्याची चटक लागली होती, हेही लिहून टाकते.

माझ्या मावसबहिणीचं लग्न ठरलं. आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी चार वाजता, पाणी आणायचं होतं. आणि त्या दुपारी चार माणसं पांढऱ्या टेम्पोतून उतरली.

मावशीनं घागर बुडवलेली होती. पप्पांनी वाजवायला सुरुवात केलेली होती. एकानं विचारलं, "विहीर कुणाच्या बापाची?" कुणी उत्तर दिलं नाही, कारण वाजत होतं. दुसरा पप्पांच्या समोर जाऊन उभा राहिला. "ए बाजा, बंद कर." पप्पा त्याला वळसा घालून पुढे निघाले. तो पुन्हा आडवा आला. पप्पांनी पुन्हा वळसा घातला. सॅक्सोफोन तोंडात असलेला माणूस भांडू शकत नाही, तो फक्त चालू शकतो किंवा थांबू शकतो. पप्पा चालले. पिंपळ ओलांडला. क्रुसापाशी त्यानं लोखंडी रॉड आडवा फिरवला, वाद्यावर नाही, तोंडावर.

तो आवाज मी सांगू शकत नाही, पण तो सूर कुठला होता ते सांगू शकते. दुसऱ्या कडव्याचा चढता भाग, वरच्या सुरावर पोचायला एक सूर बाकी. तिथं तुटलं.

माउथपीस टाळूत घुसला. रीड म्हणजे वेताची पातळ पट्टी, ती उभी फाटली आणि ओठात रुतली. वरचे चार दात रस्त्यावर पडले, ते मम्मीनं नंतर रुमालात गोळा केले. पप्पा गुडघ्यावर आले, दोन्ही हातांनी सॅक्स छातीशी धरून, तर तिघांनी लाथा घातल्या. बरगड्यांना आणि पितळेला, दोन्हीला. सॅक्सच्या तोंडाचा, बेलचा, घोळदार भाग टाचेनं चेपला. मी एकाच्या मनगटाला चावले. कातडी तुटली, तोंडात खारट आलं, मी सोडलं नाही. त्यानं मला केसांनी धरून क्रुसाच्या चौथऱ्यावर आपटलं. डावी भुवई अजून अर्धी आहे. मावशी घागर पोटाशी धरून ओरडत होती. पप्पा सोडून बँडमध्ये अकरा जण होते. वर बघितलं तेव्हा मला पाठी दिसल्या.

सर्वांत वेगानं पळाला तो लॉरेन्स. पप्पांचा शागीर्द, नवव्या वर्षापासून आमच्या ओट्यावर बसून सूर घोटणारा, आमच्या घरचं जेवून मोठा झालेला. त्याच्या हातात आल्टो सॅक्स होता, आणि तो त्यानं पळता पळता नालीत टाकला.

जबाबाच्या वेळी अकरापैकी अकरा जणांना काही दिसलं नव्हतं. एकाला तर बँडचा ड्रेस कुठला होता तेही आठवेना. आता गावात विहीर बुजली आहे आणि लग्नं होतात. मागच्या हंगामातला व्हिडिओ मी पाहिला: निळ्या ड्रमात टँकरचं पाणी, ड्रमाला झेंडूची माळ, आणि पुढे बँड. टँकरच्या पाण्याला बँड वाजवता! लाज नाही वाटत? ज्यांनी विहीर बुजवली त्यांच्याच टँकरला?

असो. मी डब्लिनला गेले. केअर होममध्ये नोकरी करते. सात ते तीन शिफ्ट, रोस्टर दोन आठवडे आधी लागतं, ब्रेक पंधरा मिनिटांचा. बारा म्हाताऱ्यांच्या कवळ्या रोज सकाळी ग्लासातून काढते, ब्रशनं घासते, एकेकाच्या तोंडात बसवते. हे काम मला कुणी मुद्दाम दिलेलं नाही, पण पहिल्या दिवशी वाटलं की कुणीतरी मुद्दाम दिलंय. इथं बस थांब्यावर लोक रांग लावतात, पाऊस असला तरी. झाड तोडायचं तर काउन्सिल खांबावर नोटीस लावते. पहिली नोटीस वाचून मी रस्त्यात रडले. एका झाडासाठी एवढा कागद! आमच्याकडे माणसाच्या तोंडासाठी एवढा खर्ची पडला नाही.

पप्पांना कवळी बसली. सॅक्सोफोनला खरे दात लागतात. वरचे दात माउथपीसवर टेकतात, खालचा ओठ रीडखाली उशीसारखा दुमडतो, आणि सगळं वाद्य त्या पकडीवर उभं असतं. कवळी दोन मिनिटांत हलते. ते आता पोरांना टाळ्या वाजवून ताल शिकवतात. फोनवर बोलताना कवळीचा टिकटिक आवाज येतो. मी तो आवाज डब्लिनमध्ये बारा तोंडांत ऐकते आणि एकाही तोंडाचा राग करत नाही. त्या चौघांचा करते. त्या अकरांचा करते. लॉरेन्सचा तर एवढा करायचे, की तो समोर आला असता तर दुसरं मनगटही चावले असते.

आणि सहा आठवड्यांपूर्वी, कोर्टाचं बोलावणं आलं त्याच आठवड्यात, लॉरेन्सचा मेसेज आला. खाली लिंक. "'वालीव, रविवार'. आठ ट्रॅक. ऐक."

अल्बमच्या कव्हरवर लेथ, म्हणजे लोखंड कातायचं मशीन, आणि तिच्यावर आडवा ठेवलेला सॅक्स. लॉरेन्स आता वालीवच्या कारखान्यांतल्या एका गाळ्यात लेथवर कामाला आहे आणि शनिवारी मुंबईत एका हॉटेलच्या लाउंजमध्ये वाजवतो. रविवारी चर्चमधली मिसा झाली की मशीन बंद असलेल्या गाळ्यात चौघांनी हे रेकॉर्ड केलं. लिंक मी पाच आठवडे उघडली नाही; मग एका सकाळी बसमध्ये वरच्या मजल्यावर बसून ऐकलं. काय ऐकलं? मखमल. पहिल्या ट्रॅकमध्ये बास गिटार चापट्या मारल्यासारखी वाजते, फंक म्हणतात ते, पाय आपोआप हलतो. मी पायावर पाय ठेवला. दुसऱ्यात इलेक्ट्रिक पियानो पाघळतो आणि टेनर कानात फुंकल्यासारखा कुजबुजतो, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत, कुठं कोपरा नाही, कुठं खरचटत नाही. चौथ्याचं नाव 'डंपर'. म्हटलं, आता तरी. त्यातही गिटार वाकवाक करतेय आणि सॅक्स मजेत डुलतोय. डंपरवर डुलतोय! सातव्यानंतर इअरफोन उपटून काढले, बॅगेत फेकले, आणि दुपारी शिफ्ट सुटताच फोन लावला.

"ऐकलंस?" लॉरेन्स म्हणाला.

"ऐकलं. लिफ्टमध्ये लावतात तसलं आहे."

"थँक यू."

"पप्पांचे दात रस्त्यावर पडले आणि तू हे गुळगुळीत वाजवतोस?"

"मग काय वाजवू, सिल्वी? ॲम्ब्युलन्स?"

"पळपुट्या."

"हो. मी पायानं पळालो, तू विमानानं. तुझं जरा लांब पडलं, एवढंच."

मी फोन कापला. तोंडात पुन्हा खारट आलं. जीभ चावली होती.

तो खरं बोलला होता, आणि खरं बोलणाऱ्याला मारावंसं वाटतं तेव्हा आपल्यात नि टेम्पोतून उतरणाऱ्यात कितीसा फरक उरतो? हा प्रश्न मी पत्रकात कधीच लिहिला नसता. पत्रकात आपण नेहमी बरोबर असतो.

संध्याकाळी पप्पांचा फोन आला. लॉरेन्सनं त्यांना सांगितलं असणार.

"आठवं ऐकलंस?"

"नाही. सातला बंद केलं."

"आठवं ऐक. मग काय शिव्या द्यायच्यात त्या दे."

"तुम्ही त्याला घरात घेता, पप्पा?"

टिकटिक. "तो पहिल्यांदा आला तेव्हा मम्मीनं त्याच्या अंगावर भाताची पेज ओतली. गरम. तो पुसत तिथंच बसला. मग काय करणार? जेवायला वाढलं."

दुसऱ्या दिवशी ब्रेकमध्ये, केअर होमच्या लाँड्रीत, ड्रायरची घरघर चालू असताना मी आठवं लावलं. त्याला नाव नाही, नुसता आकडा आहे.

सुरुवातीला एकटा टेनर. ना बास, ना पियानो. आणि वाजतंय काय, तर विहिरीवरचं पाण्याचं गाणं. पहिलं कडवं पप्पांच्या चालीनं, पिंपळाशी श्वास. खालचा सूर आला की वाद्य किंचित खरखरतं, पत्र्याच्या डब्यात खडा हलावा तसं. ती खरखर मी ओळखली. पप्पांचाच सॅक्स तो, टाचेनं चेपलेला. लॉरेन्सनं, हे नंतर त्यानंच सांगितलं, लेथवर त्याच्या मापाचा गोल ठोकळा कातला, आतून घातला आणि चेपलेलं पितळ हळूहळू बाहेर काढलं. पोचा गेला, खरखर राहिली. ती त्यानं तशीच वाजू दिली.

दुसरं कडवं. क्रुसाशी श्वास. चढता भाग. वरच्या सुराला एक सूर बाकी, आणि तुटलं.

मी ड्रायरला धरून उभी राहिले. पाठीत लाथ बसल्यासारखं झालं. चार मात्रा काही नाही. गाळ्यातल्या पंख्याचा आवाज येतो, कुणीतरी नाकानं श्वास घेतं, एवढंच.

मग नरेशचा ड्रम आला, चालणाऱ्या माणसाच्या पावलाएवढा. नरेश जूचंद्र गावचा, तोही त्या अकरांत होता. आणि टेनर बरोबर त्या राहिलेल्या सुरापासून सुरू झाला. मागून बास आला, पियानो आला, तेच लोणी, तीच मखमल, जिच्यावर मी आदल्या दिवशी थुंकले होते. फक्त आता ती कुठं घातलीय ते मला दिसत होतं: जिथं मांस फाटलं होतं तिथं. फाटलेल्या ओठावर तुम्ही काय लावाल, सॅन्डपेपर? तिसऱ्या कडव्यात तो घसरत जातो, लाउंजमध्ये शिकलेले सगळे नखरे करतो, एक सूर एवढा लांबवतो की बास त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारून येते, आणि हे सगळं चालू असताना पाऊल थांबत नाही. वळणावर श्वास. मग मांडवाजवळची जलद लय, तिथं फंक बेभान होतो, झांज फुटेल की काय असं वाटतं. विहिरीपासून मावशीच्या मांडवापर्यंत सात मिनिटं लागायची. ट्रॅक सात मिनिटांचा आहे. शेवटी सगळं थांबतं आणि एक आवाज येतो: पाण्यानं भरलेली पितळी घागर जमिनीवर टेकल्याचा.

मी धुतलेल्या चादरींच्या ढिगात तोंड खुपसून गुरासारखी ओरडले. एक सहकारी धावत आली, माझा हात ड्रायरमध्ये अडकला असं तिला वाटलं असावं.

त्या संध्याकाळी मी लॉरेन्सला परत फोन केला. त्यानं शिव्यांची वाट पाहिली. मी विचारलं, "घागर कुणाची?"

"मावशीचीच. तिनं स्वतः आणून दिली. म्हणाली, घरी तशीच नेली होती मुकी, आता वाजवून टेकवा. नरेश पन म्हनाला, पानी टेकंपर्यंत वाजवाचं, तेव्हा सुटलं ते आता घेऊ."

"आणि कोर्टात?"

"मी साक्षीला नाव दिलंय. नरेशनं पण. ड्रेस आठवत नव्हता ना ज्याला, त्याला पण आता आठवलाय. माझी स्कूटर जाळली त्यांनी, परवा, गाळ्याबाहेर भर दुपारी. बघ, व्हिडिओ पाठवतो, मस्त पेटलीय." मग हसणं थांबवून म्हणाला, "तू येतेस का?"

आता तो कागद.

पप्पांनी ज्याच्या पाठीवर निरोप लिहिला ते माझं शेवटचं पत्रक आहे. लग्नाच्या आठवड्यात मी ते दोनशे प्रतींत झेरॉक्स करून नाक्यावर, बाजारात, डंपरच्या ड्रायव्हरांच्या हातात वाटलं. त्याची शेवटची ओळ ठळक अक्षरात आहे: "शनिवारी दुपारी चार वाजता आम्ही याच विहिरीवर वाजतगाजत येणार. हिंमत असेल तर अडवून दाखवा!" शेवटी आव्हान नसेल तर मला पत्रक अपुरं वाटायचं. मावशीला विचारलं नव्हतं. नवरीला विचारलं नव्हतं. पप्पांना विचारलं नव्हतं. एका घरच्या लग्नाचा मी परस्पर मोर्चा करून टाकला आणि मारणाऱ्यांना वेळ नि ठिकाण छापून दिलं. रॉड त्यांनी उचलला, गुन्हा त्यांचाच आहे, त्यात एक कणही मी माझ्याकडे घेणार नाही. पण पोलिसांना दिलेल्या माझ्या जबाबात त्या पत्रकाचा शब्द नाही. त्यांच्या वकिलाकडे त्याची प्रत असणारच. तो ती माझ्या तोंडासमोर नाचवणार आणि विचारणार, हे कुणी लिहिलं? व्हिडिओवरून साक्ष देता येते का, हे मी आमच्या वकिलाला तीन वेळा विचारलं होतं. खरं कारण सुट्टी नव्हतं. पप्पा कोर्टात बाकावर बसलेले असताना मला ते वाचून दाखवायचं नव्हतं. अकरा जणांना मी तीन वर्षं भेकड म्हटलं. मी बारावी.

आणि पप्पांना सगळं माहीत होतं. खणात कोरे कागद होते, संगीताच्या वह्या होत्या. हाताला लागला तो कागद, असं मी वर लिहिलं. खरं म्हणजे मला तसं मानायचं होतं. त्यांनी तो काढला, पुढची बाजू वाचली, उलटा केला, आणि लिहिलं की पोचलीस की फोन कर.

येतेय. तिकीट काढलंय, रोस्टर बदलून घेतलंय. मम्मीला सांगितलं तर म्हणाली, "माणसं आली का इथं?" मी म्हटलं, "चार आलीत, मावशी धरून." "मग ये. बोंबील भरून ठेवते."

गावकऱ्यांनो, तुम्हाला अजून पडद्यामागे बसायचं असेल तर बसा, पण खिडकी उघडी ठेवा, आठवं गाणं आम्ही रस्त्यावर वाजवणार आहोत. तारीख आणि वेळ या वेळी छापत नाही. आधी घरात विचारणार आहे.

आणि निघून गेलेल्यांनो, घर कुठं आहे म्हणून विचारत असाल तर माझ्यापुरतं उत्तर हे. एक खोली आहे, तिच्यात एक लाकडी पिंजरा आहे, त्याच्यात उभं राहून मला एक कागद वाचायचा आहे. समोर बाकावर नव्या दातांचा एक माणूस बसलेला असेल. पुढची बाजू मी स्वतःच वाचीन, ठळक ओळीसकट. त्यांचा वकील म्हणेल, एवढंच पुरे. मी म्हणेन, थांबा, मागंही लिहिलंय.